अंगणातील फुलझाडे आणि घरातील माणसे

दौलतराव शिंद्यांनी इ. स. १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी दिली, आणि त्या छावणीचेच पुढे 'लष्कर' या नावाचे शहर झाले. छावणीत बाग नसते. परंतु राहुट्यांच्या जागी वाडे उठले तशी चौकात तुळस आली, परसात कण्हेर, जास्वंद आणि मोगरा आला. आज पुष्कळ वाड्यांच्या ठिकाणी दुकाने व सदनिका उभ्या आहेत. चौकाचे काम गच्ची करते आणि वाफ्याचे काम कुंडी. झाडे मात्र बरीचशी तीच आहेत, आणि त्यांविषयीचे प्रश्नही तेच आहेत.

मोगऱ्यास कळी का धरत नाही? गुलाब ज्येष्ठात का करपतो? कढीलिंबाची पाने थंडीत का गळतात? निजण्याच्या खोलीत झाड ठेवावे की न ठेवावे? असे प्रश्न मला आप्तांकडून व शेजाऱ्यांकडून नित्य येतात, आणि त्यांची उत्तरे देण्यात मला आनंदच वाटतो. पण एक प्रश्न मला आजवर फारच थोड्या जणांनी विचारला. तो असा की, हे झाड घरातल्या मुलाने तोंडात घातले तर काय होईल? या लेखात मी आरंभी त्याच प्रश्नाकडे वळणार आहे. बाकीच्यांचा परामर्श ओघाने घेऊ.

आमच्या कुटुंबातील एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याचा मुलगा, वय साडेचार, दुपारी परसात एकटाच खेळत होता. परसात पिवळ्या कण्हेरीचे जुने झाड होते. तिलाच आपल्याकडे बिट्टी म्हणतात. तिची फळे घेऊन खेळणे हा मुलांचा फार जुना छंद. मीही लहानपणी त्या बिट्ट्यांनी खेळलो आहे. या मुलाने मात्र एक पाऊल पुढे टाकले. वाळलेले फळ त्याने दगडाने फोडले आणि आतील बी चावून खाल्ले. कडू लागले म्हणून अर्धे थुंकलेही. तासाभराने त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या. वहिनींनी उन्हाचा त्रास समजून कांद्याचा रस दिला, मग पोटात थंडावा पडावा म्हणून तूप दिले. पुतण्या दुकान बंद करून घरी आला तेव्हा मुलगा निपचित पडला होता आणि त्याच्या मुठीत फोडलेल्या फळाचे टरफल होते. ते टरफल पाहिल्यावर मग सर्वांची धावपळ झाली. रुग्णालयात त्याची नाडी नेहमीपेक्षा फार मंद आढळली. एक दिवस व दोन रात्री त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवावे लागले. मुलगा वाचला. आज तो शाळेत जातो आणि झाडांवर चढतो. परंतु त्या दुपारचे तीन तास आम्ही अज्ञानात घालविले ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कारण झाडांविषयी ज्यास सारे विचारतात तो मी, त्याच घराच्या माडीवर निजलो होतो.

पिवळ्या कण्हेरीच्या सर्वांगात, आणि सर्वांत अधिक तिच्या बियांत, हृदयावर थेट परिणाम करणारी द्रव्ये असतात. हृदयविकारावरील डिजिटॅलिस हे औषध ज्या जातीचे, त्याच जातीची ही द्रव्ये होत. अल्प आणि मोजून दिलेल्या मात्रेत डिजिटॅलिस हृदयाची गती सुधारते. तीच क्रिया अमर्याद झाली की हृदयाची लय बिघडते, ठोके मंदावतात, मध्येच चुकतात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतले. तेथून ते आपल्याकडे आले आणि येथल्या देवपूजेत असे मिसळून गेले की ते परके आहे हे कोणास खरे वाटणार नाही. शेजारच्या श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचे रोगी इतके येतात की तेथील डॉक्टरांनी तिच्यावरील उपचारांचा विशेष अभ्यास केला. डिजिटॅलिसच्या विषावर जे प्रतिविष वापरतात तेच येथेही उपयोगी पडते, असे त्यातून दिसून आले. पण ते प्रतिविष महाग आहे आणि सर्वत्र मिळत नाही. यास्तव वेळेवर रुग्णालयात पोचणे हाच खरा उपाय.

तांबडी व पांढरी कण्हेर ही हिची जवळची नातेवाईक. संस्कृतात तिला करवीर म्हणतात आणि तिचे दुसरे नाव हयमारक, म्हणजे घोड्यास मारणारी. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. आपण फुले ठेवली आणि नाव विसरलो. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ, सारेच विषारी आहे, आणि पान वाळले तरी विष जात नाही. पुष्कळ घरांत छाटणी केल्यावर फांद्या रस्त्यावर टाकतात. ओले पान कडू म्हणून गाय सोडून देते, पण वाळलेले पान इतर चाऱ्यात मिसळले तर ती खाते. ज्या घरांत गोमातेस रोज घास काढून ठेवतात, त्याच घरातून तिच्यापुढे हे पान जावे ही विपरीत गोष्ट होय. छाटलेल्या फांद्या खड्ड्यात पुराव्यात. जाळू तर मुळीच नयेत, कारण त्यांचा धूरही त्रासदायक असतो. तिच्या काटकीची दातवण करणे किंवा तिने भाजी ढवळणे या गोष्टी करू नयेत हे सांगणे न लगे.

आता कोणी विचारील, इतके विषारी झाड आपण दारी लावले तरी का? याचे उत्तर आपल्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात आहे. मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या वर चढतो, लू वाहते, आणि किल्ल्याचा खडक रात्री उशिरापर्यंत उष्मा टाकीत राहतो. त्या दिवसांत मोराराकडे जाताना रस्त्याच्या कडेस सहज नजर टाकावी. निगा नाही, पाणी नाही, मोकाट जनावरे फिरताहेत, अशा ठिकाणी हिरवे काय दिसते? कण्हेर, बिट्टी, रुई, धोतरा. जमिनीत पाय रोवलेले झाड पळू शकत नाही. शेळीच्या तोंडातून वाचण्यासाठी कोणी काटे धारण केले, कोणी चीक, कोणी विष. बोगनवेलीने काट्यांचा मार्ग पत्करला. म्हणून ती टिकते आणि तिच्यात विष म्हणावे असे काही नाही. कण्हेरीस काटे नाहीत. ज्या गुणामुळे ती आपल्या दारी बिनतक्रार उभी आहे तोच गुण मुलास घातक आहे. तेव्हा नवे झाड घरी आणताना फूल केवढे आणि रंग कोणता एवढेच न पाहता, शेळी याला तोंड लावते काय, आणि न लावील तर का, हेही माळ्यास विचारावे. बहुधा त्यास ते ठाऊक असते. त्यास कोणी विचारीत नाही एवढेच.

सराफ्यातील आपल्या बंधूंस गुंजेची ओळख करून देण्याचे कारण नाही. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, हा हिशेब जुन्या पेढ्यांवरील मंडळींच्या जिभेवर असे. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि गुंज तराजूतून उतरली. पण ती घरातून गेली नाही. जुन्या पेटीच्या कप्प्यात, मुलांच्या खेळात, दागिन्यात ओवलेली, कुंपणावर चढलेल्या वेलीवर, अशी ती अद्याप आढळते. आणि लाल अंगावर काळा ठिपका असलेल्या त्या बीसारखे मुलाच्या हातास मोह पाडणारे दुसरे काही नाही.

या बीत ॲब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष आहे. शरीरातील पेशी आपली प्रथिने घडवितात, ते कामच हे विष बंद पाडते. त्यावर अजून प्रतिविष नाही. तथापि निसर्गाने एक गंमत केली आहे. गुंजेचे कवच इतके कठीण असते की ती अखंड गिळली गेली तर बहुधा तशीच पोटातून बाहेर पडते. ती चावली, फुटली, किंवा ओवण्यासाठी तिला भोक पाडलेले असले, तर मात्र विषाचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे तराजूतील अखंड गुंज एकवेळ बरी, पण माळेतील ओवलेली गुंज वाईट. गुंजांच्या माळा व बांगड्या लहान मुलांच्या अंगावर घालू नयेत. पेटीत असतील त्या बाटलीत बंद करून वर ठेवाव्यात. आणि मुलाने गुंज अखंड गिळली असे वाटले तरी स्वस्थ न बसता त्यास डॉक्टरांकडे न्यावेच. कारण त्याने ती चावली की नाही हे आपण पाहिलेले नसते. लक्षणे कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू लागतात. तेवढा वेळ मूल खेळते-बागडते, आणि आईबापांचा समज होतो की संकट टळले.

तेलाच्या व्यापाऱ्यांच्या परिचयाचे एरंडाचे बी याच प्रकारात मोडते. त्यातील विषाचे नाव रायसिन. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणूनच एरंडेल आपण पिढ्यान् पिढ्या घेत आलो. उष्णतेने हे विष नष्ट होते, पण प्रत्येक घाणीतून येणारी पेंड पुरेशी तापलेली असतेच असे नाही. ही पेंड खत म्हणून उत्तम आहे आणि बागेच्या दुकानांतून सुटी मिळते. कुंडीत ती वरवर पसरली की तिच्या वासाने कुत्री येतात, उकरून खातात आणि मरतात. रांगते मूलही मातीसकट तिचा घास घेऊ शकते. पेंड घालावयाची असेल तर ती मातीत खोल मिसळावी आणि वर मातीचा थर द्यावा. उरलेली पेंड धान्याच्या डब्यांशेजारी ठेवू नये. माझे विचाराल तर घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर असताना मी शेणखत आणि कडुनिंबाची पेंड यांवरच भागवितो.

धोतरा, रुई आणि शेर यांविषयी थोडक्यात. धोतऱ्याच्या बियांनी तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, बाहुल्या विस्फारतात आणि मनुष्य भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. झाड उपटून तोच हात डोळ्यास लावला तरी बाहुली मोठी होऊन अंधुक दिसू लागते. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्यास गंभीर इजा होते. शनिवारी मारुतीस रुईची माळ करणाऱ्या भगिनींनी माळ झाल्यावर हात साबणाने धुवावेत. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग नेत्रवैद्याकडे जावे. दिवाणखान्यात ठेवण्याची मोठ्या ठिपकेदार पानांची डिफेनबाखिया ही अळूच्या कुळातील आहे. कच्चे अळू का खाजते हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. त्याच सुईसारख्या स्फटिकांनी डिफेनबाखियाचे पान चावणाऱ्या मुलाची जीभ सुजते. ही इजा प्राणघातक क्वचितच होते, पण गळ्यास सूज आली तर श्वासास अडचण पडते. म्हणून ही कुंडी जमिनीवर नको.

विषाची भीती कोठे बाळगू नये हेही सांगितले पाहिजे. लाल पानांचे पॉइन्सेटिया फार विषारी आहे ही समजूत अतिशयोक्त आहे. त्याने पोट बिघडते, त्यापलीकडे सहसा काही होत नाही. जास्वंद, मोगरा, जाई, पारिजातक, झेंडू, तुळस ही मुलांच्या हातास लागली तरी चिंता नाही. सदाफुलीची गोष्ट निराळी. तिच्या पानांतून कर्करोगावरील दोन मोलाची औषधे मिळाली. कॅनडातील संशोधक १९५० च्या दशकात मधुमेहावरील उपाय म्हणून हे झाड तपासत होते, आणि हाती लागले ते रक्तातील पांढऱ्या पेशी घटविणारे द्रव्य. तरीही आपल्याकडे पुष्कळ वृद्ध मंडळी मधुमेहासाठी रोज सकाळी सदाफुलीची पाने चावतात. रक्तातील रक्षक पेशीच ज्याने घटतात ते द्रव्य, मात्रेचा हिशेब नसताना, रोज पोटात घालणे कितपत शहाणपणाचे आहे याचा त्यांनी विचार करावा.

निजण्याच्या खोलीत झाड ठेवू नये, ते रात्री दूषित वायू सोडते, हा समज सर्वत्र आहे. झाडे रात्री कर्बवायू सोडतात हे खरे. पण शेजारी निजलेला मनुष्य त्याच्या कित्येक पट अधिक सोडतो, आणि त्यास कोणी खोलीबाहेर काढीत नाही. उलट, झाडे खोलीतील हवा शुद्ध करतात हा नवा समजही तितकाच पोकळ आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९८९ मध्ये बंदिस्त पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून तो पसरला. पुढे २०१९ मध्ये अशा सर्व प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा असे आढळले की खऱ्या घरात खिडकी उघडण्याइतका परिणाम साधावयाचा तर चौरस मीटर जागेत दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. कुंडी डोळ्यांस बरी वाटते म्हणून ठेवावी. तेवढे कारण पुरेसे आहे.

झाडांपेक्षाही मला भीती वाटते ती झाडांवरील औषधांची. १९८४ च्या डिसेंबरच्या २ तारखेच्या रात्री आपल्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत, भोपाळात, जो वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, तो कारबारिल नावाचे कीटकनाशक बनविण्यासाठी साठविलेला होता. ते कीटकनाशक जगभर शेतांत आणि घरगुती बागांतही वापरले जाई. भारत सरकारने त्यावर बंदी घातली ती २०१८ मध्ये. आजही बाजारात औषधे पुष्कळ आहेत. कायद्याने प्रत्येक बाटलीवर एक रंगीत चिन्ह छापावे लागते: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळे, मग निळे, आणि हिरवे सर्वांत कमी. घरच्या बागेसाठी लाल व पिवळ्या चिन्हाची बाटली दुकानदाराने पुढे केली तरी ती परत करावी. कोणतेही औषध खाण्याच्या डब्यात किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. याहून महत्त्वाचे, औषधाचा रिकामा डबा पुन्हा कशासाठीही वापरू नये. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी जुलै २०१३ मध्ये शाळेतील दुपारचे जेवण खाऊन २३ मुले मेली. कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेले तेल त्या स्वयंपाकात वापरले गेले होते.

धान्य टिकविण्याच्या गोळ्या उंदरांच्या बिळात टाकण्याची चाल काही ठिकाणी आहे. दाल बाजारातील मंडळी मला क्षमा करोत, पण ही गोळी घरात वा बागेत कधीही येता कामा नये. ओलाव्याशी संबंध येताच तिच्यातून विषारी वायू निघतो, आणि तो बिळातून भिंतीपलीकडच्या खोलीतही शिरतो. तिची विक्री कायद्याने मर्यादित केली आहे ती याच कारणाने.

मग कीड लागली तर काय करावे? जीवहत्या टाळू इच्छिणाऱ्या घरांतून हा प्रश्न मला विशेष आस्थेने विचारला जातो. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारला तर तो गळून पडतो आणि पुष्कळदा परत चढत नाही. पिठ्या ढेकूण लागलेली फांदी कापून दूर टाकता येते. झाड उन्हात व मोकळ्या हवेत ठेवले, त्यास खत बेताचे दिले, तर कीड मुळातच कमी येते. अति खताने वाढलेले कोवळे पान किडीस फार आवडते. याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी गाळून त्यात थोडा साबण मिसळावा आणि सायंकाळी फवारावे. निंबोळी कीड मारीत नाही, केवळ हाकलते, असे सांगतात. ते पूर्ण खरे नाही. तिने किडीची भूक मंदावते आणि वाढही खुंटते, म्हणजे काही जीव मरतातच. हे जाणून ज्याचा त्याने निर्णय करावा. आणि कडुनिंब झाला म्हणून निर्धास्त होऊ नये. त्याचे तेल तान्ह्या मुलांस पाजल्याने झटके येऊन ती दगावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

फवारलेल्या फुलांचा गुलकंद करू नये. बाजारातील गुलाब शोभेसाठी वाढविलेला असतो. त्यावर काय मारले आहे हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते.

पाण्याविषयी दोन शब्द. उन्हाळ्यात पाणी पहाटे घालावे; दुपारी तापलेल्या कुंडीत घातलेले पाणी मुळांस भाजते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. आमच्याकडील बहुतेक कुंड्या तहानेने मरत नाहीत, अतिपाण्याने मरतात, विशेषतः थंडीत. कढीलिंब तेव्हा विश्रांती घेत असतो. पाने गळाली म्हणून त्यास अधिक पाणी घालणे म्हणजे निजलेल्यास जेवू घालणे. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास करावी, मोगऱ्याची थंडी सरताना; आणि मोगऱ्यास निदान पाच-सहा तास ऊन मिळाले नाही तर कळीची आशा धरू नये. ग्वाल्हेरचे धुके तुळशीस मारते. पौषात रात्री तिच्यावर पातळ कापड घालावे.

कुंडीखालील बशी, आणि त्याहूनही खसाच्या कूलरची टाकी, यांतील साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सर्व भांडी रिकामी करावीत आणि आतून घासावीत. अंडी भांड्याच्या कडेस चिकटून कित्येक महिने कोरडी राहिली तरी पाणी मिळताच फुटतात, नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. गच्चीच्या कठड्यावर कुंडी ठेवू नये. येथील आंधी केव्हा उठेल याचा नेम नाही, आणि ओल्या मातीच्या एका घनफुटाचे वजन ४५ ते ५० किलो भरते.

विषबाधा झालीच, किंवा नुसता संशय आला, तर काय करावे ते आता सांगतो. हा मजकूर घरातील वडील माणसांस वाचून दाखवावा. आमच्या घरी तो त्या दुपारपूर्वी कोणी वाचला असता तर बरे झाले असते. तोंडात उरलेला तुकडा काढून टाकावा आणि चूळ भरवावी. ओकारी काढू नये. मिठाचे पाणी, तूप, तेल, कांद्याचा रस, काहीही देऊ नये. मिठाचे पाणी मुलास स्वतंत्रपणेच घातक ठरू शकते, आणि गुंगीत असलेल्या मुलाच्या घशात काही ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. झाडाचा तुकडा, फळ, औषध असल्यास त्याची बाटली, बरोबर घ्यावी. किती खाल्ले आणि किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवावे. घाबरलेल्या माणसास ते पुढे आठवत नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ग्वाल्हेरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १८०० ११६ ११७. हा क्रमांक मी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या आतील बाजूस लिहून ठेवला आहे. मूल बरे दिसते म्हणून घरी थांबू नये.

आमच्या परसातील त्या बिट्टीचे पुढे काय झाले, हे काहींनी मला विचारले. पुतण्या दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. वहिनींनी त्यास अडविले. चाळीस वर्षे त्या झाडाची फुले त्यांनी काढलेली; अपराध झाडाचा नाही, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण माझे मत असे की ज्या घरी पाच वर्षांखालील मूल आहे तेथे बिट्टी असू नये. कण्हेर एकवेळ मागील बाजूस चालेल, कारण तिला खेळण्याजोगे फळ नसते. अखेर वहिनींनीच तोड काढली: आधी दुसरे झाड लागू द्या, मग हे काढा. चातुर्मासात त्या माती उकरू देत नाहीत, म्हणून ज्येष्ठातच खड्डा खणून शेणखताने भरून ठेवला आणि पहिल्या पावसाबरोबर त्यात पारिजातकाचे रोप लावले. त्याला फुले येईपर्यंत दर आठवड्यास बिट्टीची हिरवी फळे मोजून उतरविण्याचे काम पुतण्याकडे होते. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पारिजातक फुलला आणि त्या हिवाळ्यात बिट्टी गेली. आता पहाटे वहिनी परडी घेऊन परसात येतात. फूल तोडावे लागत नाही, रात्री गळून पडलेलेच वेचावयाचे असते. आणि त्यांच्याबरोबर तो मुलगाही वेचतो.